ड्रॉइंगवरचे ‘१५ नग’ नेमके कशाचे? पार्ट आणि सब-असेंब्लीची संख्या चुकू न देण्याची रीत

भोसरीतल्या एका शेडमध्ये शनिवारी संध्याकाळी रोलर कन्व्हेयर उभा करायचं काम चाललं होतं. चारपैकी पहिल्या मॉड्यूलमध्ये १५ रोलर बसले, हाताने फिरवून पाहिले, छान फिरत होते. मग फिटरकाका माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, स्पिंडल संपले." स्पिंडल, म्हणजे रोलरच्या मधले दांडे, सोडून बाकी सगळा माल तिथेच होता: पाइपचे तुकडे, बेअरिंगचे डबे, सर्क्लिपच्या (बेअरिंग जागेवर धरून ठेवणाऱ्या रिंगांच्या) पुड्या. उरलेल्या तीन मॉड्यूलचे चॅनल समोरासमोर उभे, मधे काहीच नाही. टर्निंगवाल्याने १५ स्पिंडल पाठवले होते, लागणार होते ६३: चार मॉड्यूलचे ६० आणि टोकाच्या ट्रान्सफर युनिटचे ३. त्याची काही चूक नव्हती. स्पिंडलच्या ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये (कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) ‘संख्या: १५ नग’ असं मीच लिहिलं होतं. आकडा खोटाही नव्हता, एका मॉड्यूलला १५च लागतात. तो ‘एका मॉड्यूलचा’ आहे, एवढंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून बसलो आहे. संख्या हा पार्टचा गुण नाही. व्यास, लांबी, मटेरियल हे पार्टचे गुण. ते कुठल्याही मशीनमध्ये तेच राहतात. ‘किती’ हा प्रश्न मात्र नेहमी ‘कशात किती’ असाच असतो. संख्या राहते ती पार्ट आणि त्याच्या वरची असेंब्ली यांच्या नात्यात. पुढची सगळी रीत याच एका गोष्टीवर उभी आहे.

उदाहरण त्याच कन्व्हेयरचं घेतो. स्प्रॉकेट, मोटर वगैरे बाजूला ठेवू, म्हणजे हिशेब सुटसुटीत राहील.

सीव्ही-१०० हा पूर्ण कन्व्हेयर, ६ मीटर लांब. त्यात दीड मीटरची ४ मॉड्यूल (सीव्ही-११०), टोकाला १ ट्रान्सफर युनिट (सीव्ही-१४०) आणि चेन ताणायला २ टेक-अप असेंब्ली (सीव्ही-१५०). एका मॉड्यूलमध्ये १५ रोलर (सीव्ही-१२०), ट्रान्सफर युनिटमध्ये तेच रोलर ३. एका रोलरमध्ये १ पाइप, १ स्पिंडल (सीव्ही-१२१), २ बेअरिंग ६२०२, २ सर्क्लिप. टेक-अपमध्येही तीच ६२०२ बेअरिंग, प्रत्येकी २.

आधी झाड नीट लावा

बीओएम (बिल ऑफ मटेरियल्स, म्हणजे कुठला पार्ट किती लागतो याची यादी) टेबल काढायच्या आधीच निम्मी लढाई झालेली असते. कॅड मॉडेलचं झाड म्हणजे फीचर ट्रीमधली असेंब्लीची रचना. ती शॉपमध्ये माल जसा जोडला जातो तशी असली पाहिजे, डिझायनरला मेटिंग करायला (स्क्रीनवर पार्ट एकमेकांना जोडायला) सोपी पडते तशी नव्हे.

स्टँडचं पाहा. मी सुरुवातीला मॉड्यूलच्या असेंब्लीतच दोन टोकांना दोन स्टँड बसवून ठेवले होते. एकटं मॉड्यूल स्क्रीनवर छान उभं राहायचं. चार मॉड्यूल ओळीत लावली की बीओएममध्ये स्टँड झाले ८. प्रत्यक्षात दोन मॉड्यूलच्या सांध्यावर एकच स्टँड असतो, म्हणजे लागतात ५. कुंपणाला खणांपेक्षा खांब एक जास्त लागतो, तसंच हे. शिवाय सांध्यावर दोन स्टँड एकमेकांत घुसलेले असतात आणि स्क्रीनवर ते एकच दिसतात, त्यामुळे डोळ्यांना चूक सापडत नाही. स्टँड मॉड्यूलमधून काढून थेट सीव्ही-१०० मध्ये टाकले तेव्हा हिशेब जमला. सामायिक वस्तू नेहमी ज्यांच्यात ती सामायिक आहे त्यांच्या वरच्या पातळीवर ठेवायची.

सब-असेंब्ली कधी करायची याची माझी कसोटी साधी आहे. ती वस्तू वेगळी जोडून रॅकवर ठेवता येते का? तिला स्वतःचा नंबर आणि ड्रॉइंग मिळणार आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर सब-असेंब्ली. डिझायनरने सोयीसाठी चार बोल्ट-वॉशर एकत्र बांधले असतील तर ती खरी सब-असेंब्ली नव्हे, आणि ती बीओएममध्ये वेगळी ओळ म्हणून येता कामा नये. इन्व्हेंटर या कॅड सॉफ्टवेअरमध्ये अशा गटाची बीओएम रचना ‘फँटम’ ठेवतात. सॉलिडवर्क्स या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये कॉन्फिगरेशनच्या (एकाच फाइलमधल्या वेगळ्या रूपाच्या) प्रॉपर्टीत चाइल्ड कंपोनंटसाठी ‘प्रमोट’ निवडतात. दोन्हींत गट अदृश्य होतो, आतले पार्ट वरच्या पातळीवर येतात आणि त्यांची संख्या गटाच्या संख्येने गुणली जाते.

ग्राहकाचा क्रेट, आधीपासून असलेली फरशी, शेजारची मशीन हे सगळं संदर्भासाठी मॉडेलमध्ये असतं. ते बीओएममधून वगळल्याची खूण करा. इन्व्हेंटरमध्ये ‘रेफरन्स’, सॉलिडवर्क्समध्ये एन्व्हलप किंवा बीओएममधून वगळण्याचा पर्याय. नवीन मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो: सॉलिडवर्क्समध्ये हाइड केलेला पार्ट मोजला जातो, सप्रेस केलेला मोजला जात नाही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच गायब दिसतात. फोटोसाठी कव्हर हाइड करण्याऐवजी कोणी सप्रेस करून सेव्ह केलं, तर ते कव्हर खरेदीच्या यादीतून गुपचूप निघून जातं.

एक पार्ट, एक नंबर

सॉफ्टवेअर वस्तू ओळखत नाही, फाइल आणि नाव ओळखतं. घाईत कोणी स्पिंडलची फाइल कॉपी करून ट्रान्सफर युनिटमध्ये टाकली, तर टेबलमध्ये ‘स्पिंडल ६०’ आणि ‘स्पिंडल-कॉपी ३’ अशा दोन ओळी येतात. बेरीज कोणी करत नाही, दोन वेगळ्या ऑर्डर जातात किंवा एकच जाते. उलटही होतं. बोल्टच्या एकाच फाइलमध्ये एम१२ बाय ३० आणि एम१२ बाय ४० अशी दोन कॉन्फिगरेशन असतात, आणि बीओएममध्ये डॉक्युमेंटचं नाव दाखवण्याची सेटिंग राहून जाते. मग दोन्ही लांब्या एकाच नावाने छापल्या जातात. सॉलिडवर्क्समध्ये प्रत्येक कॉन्फिगरेशनच्या प्रॉपर्टीत ‘बीओएममध्ये वापरताना दिसणारा पार्ट नंबर’ असा पर्याय आहे. स्टँडर्ड मालाच्या लायब्ररीसाठी तो एकदा बसून नीट लावून घ्या. कंटाळवाणं काम आहे, पण दोन तासांत वर्षभराची कटकट संपते.

डावा-उजवा पार्ट हा तर भांडणाचा विषय. साइड चॅनल मिरर केलेला असेल आणि त्याला वेगळा नंबर नसेल, तर ‘चॅनल ८ नग’ छापून येतं आणि आठही डाव्या हाताचे वाकवून येतात. एका बाजूने बेंड झालेली शीट परत सरळ होत नाही. मिरर पार्टला वेगळा नंबर द्या. एकाच ड्रॉइंगवर दोन्ही दाखवायचे असतील तरी टेबलमध्ये दोन ओळी हव्यात: ‘दाखवल्याप्रमाणे ४, विरुद्ध हाताचा ४’.

तीन प्रकारचे टेबल, आणि गुणाकाराचा सापळा

सॉलिडवर्क्समध्ये बीओएमचे तीन मुख्य प्रकार आहेत. टॉप-लेव्हल फक्त पहिली पातळी दाखवतो: मॉड्यूल ४, ट्रान्सफर १, टेक-अप २, स्टँड ५. पार्ट्स-ओन्ली सगळ्या सब-असेंब्ली फोडून शेवटच्या पार्टची एकूण बेरीज देतो. इंडेंटेड पूर्ण झाड पायऱ्यापायऱ्यांनी दाखवतो. इन्व्हेंटरच्या बीओएम एडिटरमध्ये स्ट्रक्चर्ड आणि पार्ट्स-ओन्ली अशा दोन बाजू आहेत.

सापळा इंडेंटेडमध्ये आहे. तिथे स्पिंडलसमोर १ दिसतो, रोलरसमोर १५, मॉड्यूलसमोर ४. म्हणजे प्रत्येक आकडा आपल्या लगेच वरच्या असेंब्लीमागचा, म्हणजे पालकामागचा. खरी गरज काढायला पायरी-पायरीने गुणावं लागतं: १ × १५ × ४ = ६०. पार्ट्स-ओन्लीमध्ये मात्र गुणाकार आधीच झालेला असतो. तिथे स्पिंडल थेट ६३ दिसतात, कारण ट्रान्सफरचे ३ धरून बेरीज झालेली असते. एकाने इंडेंटेडचा आकडा न गुणता घेतला की माल कमी पडतो. दुसऱ्याने पार्ट्स-ओन्लीचा आकडा पुन्हा चारने गुणला की २५२ स्पिंडल येऊन पडतात. टेबलाच्या डोक्यावर एक ओळ लिहून हे थांबवता येतं. इंडेंटेडवर ‘संख्या एका पालक असेंब्लीमागे’, पार्ट्स-ओन्लीवर ‘संख्या एका पूर्ण मशीनमागे’. आमच्या टेम्प्लेटमध्ये ही ओळ आता कायमची आहे.

तुमच्या सॉफ्टवेअरवर आणि सेटिंगवर भरवसा ठेवण्याआधी पाच मिनिटांची चाचणी करा. एका छोट्या सब-असेंब्लीत ३ बोल्ट टाका, ती सब-असेंब्ली वरच्या असेंब्लीत २ वेळा टाका आणि टेबल काढा. बोल्टसमोर ३ आले तर आकडा पालकामागचा, ६ आले तर एकूण. नवीन व्हर्जन आली की मी ही चाचणी परत करतो.

कुठलं टेबल कुठे? जोडणीच्या ड्रॉइंगवर फक्त त्या असेंब्लीच्या पहिल्या पातळीचं टेबल. सीव्ही-१२० च्या ड्रॉइंगवर एका रोलरला लागणारा माल, बस. फिटर एका वेळी एकच रोलर जोडत असतो, त्याला ६३चा काही उपयोग नाही. बलून, म्हणजे पार्टकडे रेघ काढून लिहिलेले नंबराचे गोल, दोन भागांचे ठेवले, वर आयटम नंबर आणि खाली संख्या, तर त्याला टेबलाकडे पुन्हा पुन्हा बघावं लागत नाही. पार्ट्स-ओन्ली यादी ड्रॉइंगवर नकोच. ती खरेदी आणि स्टोअरसाठी वेगळी जाते.

आणि एकट्या पार्टच्या ड्रॉइंगवर? माझं मत ठाम आहे: एकूण संख्या लिहू नका. तोच स्पिंडल उद्या दुसऱ्या कन्व्हेयरमध्ये १२च्या हिशेबाने जाईल आणि आकडा शिळा होईल. व्हेंडरला किती करायचे ते पर्चेस ऑर्डर किंवा वर्क ऑर्डर सांगते. अमेरिकी पद्धतीच्या ड्रॉइंगवर ‘नेक्स्ट असेंब्ली’ आणि ‘यूज्ड ऑन’ असा छोटा तक्ता असतो. पार्ट कुठे वापरला आहे ते त्यात नोंदवतात. तुमच्या ग्राहकाला ड्रॉइंगवर संख्या हवीच असेल तर असा तक्ता करून पालकाच्या नंबरासमोर लिहा: ‘सीव्ही-१२० मध्ये १’. मात्र पार्ट नव्या मशीनमध्ये गेला की दर वेळी ड्रॉइंगची रिव्हिजन वाढते, हेही धरून चला.

एक्सेलमध्ये पूर्ण झाड फोडणं

ईआरपी (खरेदी, स्टोअर, उत्पादन एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर हे काम तिथे होतं. बहुतेक छोट्या शॉपमध्ये एक्सेलच असतं, आणि ते पुरतं.

इंडेंटेड बीओएम डिटेल्ड नंबरिंगने काढा, म्हणजे १, १.१, १.१.२ असे आयटम नंबर येतात. टिंबांच्या संख्येत एक मिळवला की पातळी कळते. एक्सेलमध्ये घेताना नंबरचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नाहीतर एक्सेल १.१० ला दशांश अपूर्णांक समजून १.१ करून टाकतं, दहावा आयटम पहिल्यासारखा दिसायला लागतो आणि सगळी शीट बिघडते. यात मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे.

सगळ्यात वर पूर्ण मशीनची ओळ घाला, पातळी ०, आणि तिची संख्या म्हणजे ऑर्डरमधल्या मशीनची संख्या. आता उजवीकडे प्रत्येक पातळीसाठी एक रकाना करा: ०, १, २, ३. प्रत्येक रकान्यात एकच नियम. ओळीची पातळी रकान्याइतकीच असेल तर ओळीची संख्या गुणिले त्याच ओळीतला डावीकडच्या रकान्यातला आकडा. ० च्या रकान्याला डावीकडे काही नाही, तिथे संख्या जशीच्या तशी. ओळीची पातळी रकान्यापेक्षा खोल असेल तर वरच्या ओळीतला आकडा तसाच खाली आणा. उथळ असेल तर रिकामं सोडा. ओळीची स्वतःच्या पातळीच्या रकान्यातली किंमत ही त्या ठिकाणची एकूण गरज.

आपल्या कन्व्हेयरसाठी, ऑर्डर एका मशीनची असताना, ओळी अशा वाचल्या जातात:

मॉड्यूल: ४
मॉड्यूलमधले रोलर: १५ × ४ = ६०
त्या रोलरमधली ६२०२: २ × ६० = १२०
ट्रान्सफर युनिट: १
ट्रान्सफरमधले रोलर: ३
त्या रोलरमधली ६२०२: २ × ३ = ६
टेक-अप: २
टेक-अपमधली ६२०२: २ × २ = ४

शेवटी पार्ट नंबरवर पिव्होट टेबल लावा. ६२०२ ची बेरीज १३०. तीच बेअरिंग तीन वेगळ्या वाटांनी मशीनमध्ये आली आहे, आणि मनात हिशेब करताना माणूस यातली एखादी वाट हमखास विसरतो, बहुतेक वेळा सगळ्यात छोटी. ऑर्डर दोन कन्व्हेयरची झाली तर वरच्या ० पातळीच्या ओळीत २ घाला. १३० चे आपोआप २६० होतात. मधल्या एकाही आकड्याला हात लावायचा नाही.

कशात काय किती जातं हे दाखवणाऱ्या अशा आकृतीला उत्पादनशास्त्रात ‘गोझिंटो’ म्हणतात. अँड्र्यू वाझोनी या गणितज्ञाने ‘झेपार्टझॅट गोझिंटो’ नावाच्या काल्पनिक इटालियन गणितज्ञाला तिचं श्रेय दिलं होतं. नाव भरभर म्हणा, ‘द पार्ट दॅट गोज इन्टू’ ऐकू येतं. मला ते फार आवडतं, कारण ‘कशात जातो’ हा प्रश्न नावातच आहे.

स्पेअर, रिजेक्शनसाठीचे जादा नग, स्टोअरमध्ये आधीच असलेला माल यांचे रकाने बेरजेनंतर, वेगळे. ‘सर्क्लिप उडतात, चार जास्त धरू’ म्हणून कोणी रोलरच्या बीओएममध्येच २ ऐवजी ३ लिहिले, की १२६ सर्क्लिपच्या जागी १८९ येतात, आणि पुढचा फिटर तिसरी सर्क्लिप कुठे बसवायची ते शोधत राहतो.

नगांत न मोजता येणारा माल

पाइप नगांत कापला जातो, पण विकत लांबीत येतो. रोलरचा पाइप ५०० मिलिमीटर धरा. दोन कन्व्हेयरला १२६ तुकडे म्हणजे ६३ मीटर. ६ मीटरच्या लांबीने भागलं की साडेदहा, म्हणून ११ पाइप मागवले. कमी पडतात. करवतीची पात प्रत्येक कापात सुमारे ३ मिलिमीटर खाते, त्यामुळे एका पाइपमधून १२ नव्हे, ११ तुकडे निघतात. ११ पाइपमधून १२१. पाच तुकडे कमी. लागतात १२ पाइप. म्हणून भागाकार मीटरचा न करता ‘एका लांबीत किती तुकडे’ असा करायचा, आणि दोन्ही वेळा पूर्णांक घ्यायचा.

होज, चेन, बेल्ट यांच्यासाठी सॉलिडवर्क्समध्ये कस्टम प्रॉपर्टीतून बीओएमची संख्या एखाद्या प्रॉपर्टीला, उदाहरणार्थ लांबीला, जोडता येते. मग टेबलमध्ये नगांऐवजी लांबी येते. एककाचा रकाना तेव्हा सक्तीचा करा. ग्रीस, थ्रेड लॉकर, पेंट यांचं मॉडेल कोणी करत नाही. त्यांच्यासाठी आकार नसलेली फाइल किंवा इन्व्हेंटरमधला व्हर्च्युअल कंपोनंट ठेवा, म्हणजे निदान यादीत नाव राहतं. वेल्ड करून केलेल्या स्टँडला कट-लिस्ट (कापायच्या तुकड्यांची यादी) असते; ती स्टँडच्या ड्रॉइंगवर शोभते, मशीनच्या बीओएममध्ये स्टँड एकच ओळ.

फक्त टूडी ऑटोकॅड असेल तर

प्रत्येक पार्टचा ब्लॉक करा, नंबर अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवा आणि डेटा एक्स्ट्रॅक्शनने यादी काढा. एकच काळजी घ्या: पुढून, वरून आणि बाजूने अशा तीन दृश्यांत तोच बोल्ट तीनदा येतो आणि तीनदा मोजला जातो. मोजणीचे ब्लॉक एकाच दृश्यात ठेवा, इतर दृश्यांत साध्या रेषा.

सोडण्याआधी तपासणी

मी तीन गोष्टी बघतो. पहिली, वजन. पार्ट्स-ओन्ली यादीत प्रत्येक पार्टचं वजन गुणिले संख्या करून बेरीज काढा आणि मॉडेलच्या मास प्रॉपर्टीशी ताडून पाहा. संदर्भाच्या वस्तू सोडून दोन्ही जुळले पाहिजेत. फरक नेमका एका स्टँडच्या वजनाएवढा आला, तर कुठे बघायचं ते लगेच कळतं. दुसरी, जोड्या. बेअरिंग वजा टेक-अपची ४, भागिले २, हे रोलरइतकं यायला हवं: १२६ भागिले २, ६३. डावे चॅनल आणि उजवे चॅनल सारखे असायला हवेत. तिसरी, बलून. टेबलमधल्या प्रत्येक ओळीला ड्रॉइंगवर निदान एक बलून असलाच पाहिजे. नसेल तर तो पार्ट फिटरला दिसत नाही, किंवा तो यादीत चुकून आला आहे.

टेबलमधला संख्येचा आकडा हाताने खोडून लिहू नका. तसं केलं की त्या आकड्याचं मॉडेलशी नातं तुटतं, आणि पुढच्या रिव्हिजनला मॉडेल बदलतं तरी तो जुनाच राहतो. आकडा चुकीचा दिसत असेल तर मॉडेल किंवा झाड चुकलं आहे. ते दुरुस्त करा. रिलीज झाल्यावर यादीची गोठवलेली प्रत रिव्हिजन आणि वर्क ऑर्डर नंबरासह जपून ठेवा. नंतर बदल झाला तर जुन्या आणि नव्या यादीची वजाबाकी करून फक्त फरक खरेदीला पाठवा, कारण त्यांच्या ऑर्डर आधीच गेलेल्या असतात.

सीव्ही-१२१ चं ड्रॉइंग आजही वापरात आहे. टायटल ब्लॉकमध्ये संख्येचा रकाना आहे, तो काढायला ग्राहकाचं टेम्प्लेट परवानगी देत नाही. त्यात आता ‘वर्क ऑर्डर पाहा’ असं छापलेलं असतं.